तुम्ही विचारलंत म्हणून : फोन कुणाचा होता?

"वहिनी, ट्रम्पला ट्विटरनं हाकललं तेव्हा तुम्ही कुठे होतात?" हा प्रश्न मला डॅलसजवळ फ्रिस्कोत राहणारे माझे धाकटे दीर विचारतात. गणपतीत विचारतात, दिवाळीच्या फोनवर विचारतात, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये एबीसी वाहिनीवरचा जिमी किमेलचा विनोदी कार्यक्रम बंद झाला त्या आठवड्यात तर रोज विचारत होते. माझा मुलगा तोच प्रश्न उलटा करून विचारतो. "आई, फेसबुक खासगी कंपनी आहे. त्यांनी लसीबद्दलच्या थापा काढून टाकल्या तर त्यात सेन्सॉरशिप कुठून आली? तू काकाची भाषा का बोलतेस?" आणि सांगली-कोल्हापूरकडची मंडळी या दोघांपेक्षा सरळ विचारतात, "तुम्ही नक्की कुणाकडून?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. मी कुणाकडूनही नाही, कारण मला इथे मतच नाही. इतकी वर्षं न्यू जर्सीत काढून मी अजून ग्रीन कार्डावर आहे. नागरिकत्व का घेतलं नाही हा आमचा घरगुती विषय आहे, तो इथे नको; पण ग्रीन कार्ड पुढे येणार आहे म्हणून सांगून ठेवलं. आणि मी वकीलही नाही. वकिलांच्या ऑफिसात फायली लावते, तारखा सांभाळते, अर्जांना जोडपत्रं लावते. त्यातून निकाल वाचायची खोड लागली आणि महाराष्ट्र मंडळात 'यांना विचारा' असा शिक्का बसला. शिक्का बसला की लोक प्रश्न विचारतात, उत्तर मात्र अर्धंच ऐकतात. म्हणून हे एकदा लिहून टाकते.

बोलण्याचं स्वातंत्र्य राखणारी अमेरिकेची पहिली घटनादुरुस्ती सरकारचे हात बांधते, कंपनीचे बांधत नाही, हे विचारणाऱ्या सगळ्यांना पाठ आहे. गंमत अशी की ते प्रत्येकाला सोयीनं आठवतं. जानेवारी २०२१ मध्ये, ट्विटरनं ट्रम्पला हाकललं तेव्हा, माझ्या मुलाचे मित्र म्हणत होते, "खासगी कंपनी आहे, तिची मर्जी." सप्टेंबर २०२५ मध्ये दीर म्हणाले, "एबीसी खासगी कंपनी आहे, तिची मर्जी." शब्दसुद्धा बदलायचे कष्ट कुणी घेतले नाहीत.

माझी कसोटी वेगळी होती, आणि ती मी मंडळात, फोनवर, जेवणाच्या टेबलावर सांगून सांगून लोकांना वीट आणलेला आहे. तोंड कुणी बंद केलं ते नंतर बघा. त्याआधी फोन कुणाचा आला होता ते विचारा.

हे मी माझ्या मनचं सांगत नव्हते. ऱ्होड आयलंडच्या विधिमंडळानं १९५६ साली तरुणांच्या नीतिमत्तेची काळजी वाहायला एक आयोग नेमला. त्याला कुणाला तुरुंगात टाकायचा अधिकार नव्हता, पुस्तक जप्त करायचाही नव्हता. तो फक्त पत्र पाठवायचा. दुकानांना पुस्तकं-मासिकं पुरवणाऱ्या घाऊक विक्रेत्याकडे सरकारी कागदावर पत्र जायचं : अमुक अमुक पुस्तकं अठरा वर्षांखालच्या मुलांच्या हाती देण्याजोगी नाहीत असं आयोगानं बहुमतानं ठरवलं आहे, आपल्या सहकार्याबद्दल आगाऊ आभार. आणि जाता जाता, अश्लील साहित्य विकणाऱ्यांवर खटले भरावेत अशी शिफारस करणं हेही आमच्या कामात येतं, यादीची एक प्रत पोलिसांकडे जाते. मग थोड्या दिवसांनी एक पोलीस दुकानी यायचा, काय केलंत ते विचारायला. विक्रेत्यानं पुस्तकं परत मागवली, राहिलेल्या ऑर्डरी थांबवल्या. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं तेव्हा आयोगाचं म्हणणं एवढंच होतं की आम्ही नुसता सल्ला देतो, ऐकायचं की नाही ही त्यांची मर्जी. १९६३ साली कोर्टानं हे मानलं नाही. सरकारला जे सरळ हातानं करता येत नाही ते दुसऱ्याच्या हातून करवून घेताही येणार नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ आहे.

मे २०२४ मध्ये हेच नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी पुन्हा सांगितलं. पार्कलंडच्या शाळेतल्या गोळीबारानंतर न्यूयॉर्कच्या विमा-नियंत्रक बाईंनी बंदूकवाल्यांच्या एनआरए या संघटनेशी धंदा तोडा म्हणून विमा कंपन्यांवर दबाव आणला, असा आरोप होता. आरोप खरा असेल तर ते घटनाबाह्य आहे, असं कोर्ट म्हणालं. निकाल सोटोमायर यांनी लिहिला, ज्यांना कुणी बंदूकप्रेमी म्हणणार नाही. आणि एनआरएची बाजू मांडायला नागरी स्वातंत्र्यासाठी लढणारी एसीएलयू ही संघटना उभी राहिली, जिचं एनआरएशी एरवी विळ्या-भोपळ्याचं. त्या दिवशी मी ऑफिसात पेढे वाटायचीच बाकी राहिले होते.

आता फोन मोजू. दोन्हीकडचे मोजू, म्हणजे कुणाची तक्रार नको.

जुलै २०२१. फेसबुकसारख्या कंपन्यांना काय सांगाल असं विचारल्यावर बायडन म्हणाले, "ते लोकांना मारताहेत." तीन दिवसांनी ते वाक्य त्यांनी मऊ केलं, पण व्हाइट हाउसमधून कंपनीला जाणाऱ्या ईमेली थांबल्या नाहीत. त्या पुढे खटल्यात बाहेर आल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये झुकरबर्गनं अमेरिकन काँग्रेसच्या समितीला पत्र लिहिलं की बायडन प्रशासनातल्या वरिष्ठांनी कित्येक महिने दबाव आणला, कोविडबद्दलचा काही मजकूर, विनोद आणि उपहाससुद्धा, काढा म्हणून. आणि तो दबाव चूक होता. हे पत्र त्यानं निवडणुकीचं वारं बघून लिहिलं असेल. असेलच. पण ईमेली त्यानं बनवलेल्या नव्हत्या. हे मी मुलाला वाचून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "महामारी होती आई, माणसं मरत होती." मरत होतीच. माझा सख्खा मामा गेला. म्हणून सरकारनं लोकांचे विनोद तपासत बसायचं का?

आता दुसरा फोन. १७ सप्टेंबर २०२५. ट्रम्पसमर्थक प्रचारक चार्ली कर्कच्या खुनानंतर किमेल जे बोलला ते मला आवडलं नव्हतं, पण तो मुद्दाच नाही. एफसीसीचे अध्यक्ष ब्रेंडन कार एका पॉडकास्टवर येऊन म्हणाले, "हे सोप्या मार्गानं करता येईल किंवा अवघड मार्गानं." एफसीसी म्हणजे स्थानिक टीव्ही स्टेशनांचे परवाने ज्याच्या हातात आहेत ते खातं. नेक्सस्टार या कंपनीकडे एबीसीचा कार्यक्रम दाखवणारी कितीतरी स्टेशनं आहेत, आणि टेग्ना ही दुसरी कंपनी ६.२ अब्ज डॉलरला विकत घ्यायची तिची परवानगी त्याच खात्यात अडकून होती. त्याच दिवशी नेक्सस्टारनं कार्यक्रम दाखवणं थांबवलं, सिंक्लेअर या तशाच दुसऱ्या कंपनीनं थांबवलं, आणि संध्याकाळी एबीसीनं तो अनिश्चित काळासाठी बंद केला. सहा दिवसांनी किमेल परत आला. दिरांना मी त्यांच्याच टेक्ससच्या रिपब्लिकन सिनेटर टेड क्रूझचं वाक्य ऐकवलं. क्रूझनं कार यांच्या बोलण्याची तुलना माफियाशी केली आणि बजावलं की उद्या डेमोक्रॅट आले की हेच हत्यार आपल्यावर चालवतील. दीर म्हणाले, "क्रूझ कधी कधी वाहवत जातो."

आणि दोन ऑक्टोबरला तर फोन लपवायचीही गरज कुणाला वाटली नाही. इमिग्रेशनवाले कुठे दिसले हे लोक एकमेकांना कळवत असत त्या आइसब्लॉक नावाच्या ॲपबद्दल ॲटर्नी जनरल पॅम बाँडी यांनी उघड सांगितलं, आम्ही ॲपलकडे ते काढण्याची मागणी केली आणि ॲपलनं काढलं. ज्या सरकारनं शपथ घेतली त्याच दिवशी, २० जानेवारीला, 'सरकारी सेन्सॉरशिप संपवण्याचा' हुकूम काढला होता, तेच हे सरकार.

इथपर्यंत माझी कसोटी ठणठणीत होती. दोन्ही बाजूंना सारखी लागत होती, आणि दोन्ही बाजू मला सारख्याच वैतागत होत्या, याचा मला थोडा अभिमानही होता.

तिच्यात पहिली फट पाडली ती मर्थी विरुद्ध मिसुरी या निकालानं. जून २०२४, सहा विरुद्ध तीन. त्या २०२१ च्या ईमेलींवरूनच हा खटला होता. न्यायमूर्ती बॅरेट यांनी निकालात म्हटलं, सरकारनं कंपन्यांना सांगितलं हे दिसतं, पण तुमची अमुक एक पोस्ट सरकारच्या सांगण्यावरूनच गेली हे तुम्हाला दाखवता आलेलं नाही. कंपन्या त्याआधीपासून स्वतःच्या नियमानं पोस्टी काढत होत्या. खटला उभा राहायलाच आधार नाही. म्हणजे फोन आला असला तरी पलीकडच्यानं फोनमुळे केलं की आपल्या मनानं केलं, हे सिद्ध करायचं ज्याचं तोंड बंद झालं त्यानं. त्याला तर फोन ऐकूच आलेला नसतो. त्या फिर्यादींतले एक, जय भट्टाचार्य, आज सरकारच्या एनआयएच या आरोग्य-संशोधन संस्थेचे संचालक आहेत, हे जाता जाता.

आणि एक गोष्ट दिरांच्या बाजूची, जी मी पाच वर्षं उडवून लावत होते. ८ जानेवारी २०२१ ला ट्विटरनं ट्रम्पचं साडेआठ कोटींच्या वर अनुयायी असलेलं खातं बंद केलं, तेव्हा मी कौटुंबिक ग्रुपवर ऐटीत लिहिलं होतं : व्हाइट हाउसमध्ये आज ट्रम्प स्वतःच बसलेत, मग कंपनीला फोन केला कुणी? भुतानं? मर्केलबाईंच्या प्रवक्त्यानं जर्मनीतून ती बंदी चिंताजनक आहे असं म्हटलं, तेही मी 'जर्मन लोकांचा इतिहास वेगळा' म्हणून बाजूला ठेवलं. त्यावर दिरांनी लिहिलं होतं, "वहिनी, फोन करावा लागतोच कुठे? जॉर्जियाचे सेनेटचे निकाल नुकतेच लागलेत. व्हाइट हाउस, सेनेट, हाउस, सगळं कुणाकडे चाललंय ते कंपनीला दिसत नाही का?" मी एक हसरा चेहरा टाकून विषय संपवला. त्या वेळच्या माझ्याशी मी आज भांडते, पण ती अजून हार मानत नाही. ती म्हणते, दिसत असेल. पण उद्या कुणाचं राज्य येणार हे बघून कंपनीनं काही केलं तर त्याला तू कुठल्या कलमाखाली धरणार? आणि सहा जानेवारीला ट्रम्पच्या समर्थकांनी कॅपिटॉलवर जे केलं ते विसरलीस का? तिचंही बरोबर आहे. बाई हट्टी आहे.

आता भाचीचं सांगते. या लेखाला वेळ लागला तो यापायी.

धाकट्या बहिणीची मुलगी, कोल्हापूरची. ओहायोतल्या एका विद्यापीठात एमएसला प्रवेश मिळालेला, विद्यापीठाचा आय-२० हा प्रवेशाचा कागद हातात, घर तारण ठेवून बँकेचं कर्ज काढलेलं. २७ मे २०२५ ला परराष्ट्र खात्यानं विद्यार्थ्यांच्या व्हिसाच्या नव्या मुलाखती थांबवल्या. १८ जूनला पुन्हा सुरू केल्या त्या एका अटीवर : सगळी सोशल मीडिया खाती 'पब्लिक' करा. डीएस-१६० या व्हिसाच्या फॉर्मवर पाच वर्षांतली सगळी खाती लिहायची, हे आधीपासून होतंच. आता अधिकारी ती उघडून बघणार होते. काय बघणार? अमेरिकेचे नागरिक, संस्कृती, सरकार, संस्था, संस्थापनाची तत्त्वं यांच्याबद्दल वैरभाव आहे का ते. वैरभाव मोजायचं माप कुठेही छापलेलं नव्हतं.

मुलाखतीचा स्लॉट मिळाल्यावर तिनं मला व्हिडिओ कॉल केला. तिकडची सकाळ, माझी रात्र. "मावशी, तू बघ ना एकदा सगळं. तुला कळतं." तिनं स्क्रीन शेअर केली आणि आम्ही इन्स्टाग्राम वरून खाली बघत गेलो. हे तिचं खासगी खातं होतं, ज्यात तिनं आईलाही घेतलं नव्हतं. फॉर्म भरताना ते उघडं केलं तर दुसऱ्या दिवशी अनोळखी पुरुषांचे मेसेज यायला लागले होते. ते तिनं मला दाखवले नाहीत, फक्त सांगितलं आणि स्क्रोल करत राहिली.

पुण्यातल्या कन्सल्टंटनं तिला बजावलं होतं की साफ करा, पण फार साफ करू नका. रिकामं खातं दिसलं तर लपवताय असं वाटतं. म्हणून वाढदिवस, पन्हाळा, मिसळ, मैत्रिणीचं लग्न ठेवायचं. गाझाबद्दलची एक स्टोरी हायलाइटमध्ये होती, ती तिनं मला न विचारता काढली. ट्रम्पच्या केसांवरच्या एका विनोदाला लाईक होता. "लाईक पण काढू?" तिनं विचारलं. मला पालघर आठवलं. नोव्हेंबर २०१२, बाळासाहेबांच्या निधनानंतरच्या बंदवर एका मुलीनं फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या आणि तिच्या मैत्रिणीनं त्या नुसत्या लाईक केल्या. पोलिसांनी दोघींना उचललं. तेव्हा मी इकडे ऑफिसात ज्याला त्याला सांगत होते, बघा, अमेरिकेत हे होणं शक्य नाही. पुढे २०१५ ला आपल्या सुप्रीम कोर्टानं ते कलम ६६-अ रद्द केलं तेव्हाही मी म्हटलं होतं, आले आले, हेही आले लायनीवर. भाचीला मी म्हटलं, "काढ."

मग एक फोटो आला. कॉलेजच्या पथनाट्याचा, पंचगंगेच्या प्रदूषणावरचा. बिंदू चौकात काढलेला, मागे बघ्यांची गर्दी, आणि ही पुढे मूठ उगारून उभी. हातात पुठ्ठ्याचा फलक, लाल रंगात 'जाब विचारा'. रंग ओघळून 'रा'चा काना खालपर्यंत आलेला. "हा नको ना काढायला, मावशी. याचा अमेरिकेशी काय संबंध?" काहीच नव्हता. पंचगंगेत मळी कोण सोडतं याच्याशी अमेरिकेच्या संस्थापनतत्त्वांचा काय संबंध असणार? पण माझ्या डोक्यात भाषांतराचं यंत्र चालू झालं. मूठ, लाल रंग, जाब. मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात बसलेला, दिवसाला शेकड्यानं अर्ज बघणारा एक थकलेला माणूस डोळ्यांसमोर आला, ज्याच्याकडे हा फोटो समजून घ्यायला वेळ नाही आणि 'नाही' म्हणायला कारणही द्यायचं नाही. मागून बहिणीचा आवाज आला, ती स्वयंपाकघरातून ऐकत होती : "अगं, काढ बाई ते. घर गहाण आहे." मी म्हटलं, "काढून टाक." तिनं काढला. माझ्याकडे बघितलं नाही.

आणि मग तिनं ते विचारलं. "मावशी, तुझ्या पोस्टवर माझी एक कमेंट आहे."

मार्चच्या पंचवीस तारखेला मॅसॅच्युसेट्समध्ये सॉमरव्हिलच्या रस्त्यावर, तोंडं झाकलेल्या साध्या वेशातल्या माणसांनी रुमेयसा ओझ्तुर्क या तुर्की विद्यार्थिनीला धरून नेलं होतं. टफ्ट्स विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या पेपरात तिनं इतर तिघांबरोबर पॅलेस्टाइनच्या बाजूनं एक लेख लिहिला होता, वर्षापूर्वी. लुइझियानाच्या कोठडीत सहा आठवडे ठेवलं, मग न्यायाधीशानं सोडलं. त्या अटकेवर मी फेसबुकवर मराठीत लांबलचक लिहिलं होतं. दीर चिडले, मुलानं पहिल्यांदाच आईची पोस्ट शेअर केली, आणि भाचीनं खाली लिहिलं होतं, "मावशी, एकदम खरं. लिहीत राहा."

मी तिला म्हटलं, "कमेंट राहू दे, मीच पोस्ट काढते." आणि तिच्या देखत काढली. कारण सांगायला मला तिचं निमित्त होतं. पण खरं सांगायचं तर मार्चमध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या पॅलेस्टाइनसमर्थक आंदोलनातल्या महमूद खलीलला धरलं तेव्हा तो ग्रीन कार्डवाला होता, हे वाचल्यापासून ती पोस्ट मला रोज टोचत होती. भारतातून परत येताना विमानतळावर कुणी फोन मागितला तर, असा विचार पोस्ट लिहिल्याच्या रात्रीपासून डोक्यात होता. भाचीनं विचारलं आणि मला वाट मिळाली.

मुलाखतीत तिला विद्यापीठ, विषय आणि पैसे कोण भरणार एवढंच विचारलं. थोडे दिवस वाट बघायला लावून पासपोर्ट आला. खातं कुणी उघडून बघितलं की नाही, देव जाणे.

सांगा आता, फोन कुणाचा होता? मला कुणीही फोन केला नाही. फेसबुकनं माझी पोस्ट काढली नाही. वकिलातीनं 'जाब विचारा' काढायला सांगितलं नाही, उलट सगळं उघडं ठेवा असं सांगितलं. माझ्या कसोटीनं तपासलं तर कुणाचंच तोंड कुणी बंद केलेलं नाही. दोन बायकांनी आपखुशीनं आपल्या भिंती झाडल्या.

इथे मुलगा म्हणतो, हा सरळ सरकारचा धाक आहे, यात कोडं कसलं. दिरांचं उत्तर तयार आहे : "पाहुण्याला घरात घ्यायचं की नाही हे यजमानानं ठरवायचं." आणि कायदा पुष्कळसा त्यांच्या बाजूला आहे. बेल्जियमच्या एका मार्क्सवादी अर्थतज्ज्ञाला व्हिसा नाकारला, अमेरिकन प्राध्यापकांना त्याला ऐकायचं होतं, तरी १९७२ साली सुप्रीम कोर्टानं सरकारचीच बाजू घेतली. मी दिरांना म्हटलं, भावोजी, पाहुण्याचं सोडा, मी तर घरातलीच आहे ना? ते म्हणाले, "मग घ्या ना नागरिकत्व, कुणी अडवलंय?" यावर आमच्या घरी जे झालं ते लिहीत नाही.

पण त्या भांडणात त्यांनी त्यांच्या एका मित्राचं सांगितलं. कॅलिफोर्नियात डॉक्टर आहे. लहान मुलांना कोविडची लस सरसकट द्यायची गरज नाही असं त्याचं मत होतं आणि तो ते लिहायचा. २०२२ मध्ये तिथल्या डेमोक्रॅट सरकारनं कायदा केला, कोविडबद्दल चुकीची माहिती रुग्णाला देणाऱ्या डॉक्टरवर परवाना मंडळ कारवाई करू शकेल म्हणून. न्यायाधीशानं तो अडवला, पुढच्या वर्षी विधिमंडळानं मागेही घेतला. मित्रावर काही कारवाई झाली नाही, साधं पत्रही आलं नाही. पण कायद्याची चर्चा सुरू झाली त्याच महिन्यात त्यानं जुनं लिखाण स्वतःच काढून टाकलं, आणि कायदा गेल्यावरही परत लिहिलं नाही. "ही सेन्सॉरशिप नाही, तर काय आहे?" दीर म्हणाले.

मी म्हटलं, मग माझ्या पोस्टचं काय? ते म्हणाले, ते वेगळं. तुमचा मित्र रुग्णांना सल्ला देतो, त्याचं वेगळं, असं मीही म्हणाले. मग आम्ही दोघंही आपापलं 'वेगळं' धरून बसलो, आणि जाऊबाईंनी चहा आणून ठेवला तो तसाच निवला.

ऑफिसात नंतर मी १९४७ सालचं हॉलिवूडचं प्रकरण काढून वाचलं. सिनेमातल्या दहा जणांनी अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे 'तुम्ही कम्युनिस्ट आहात का' याचं उत्तर द्यायला नकार दिला, हाउसनं त्यांच्यावर अवमानाचा ठपका ठेवला. त्यांना काम देऊ नका असा कायदा मात्र कुणी केला नव्हता. नोव्हेंबरात स्टुडिओंचे मालक न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात जमले आणि त्यांनीच ठरवलं की या दहा जणांना काढायचं आणि कम्युनिस्टाला जाणूनबुजून कामावर ठेवायचं नाही. पुढे कित्येकांची पोटं मारली गेली, वर्षानुवर्षं. कंपन्यांनी केलं, असंच कागदावर दिसतं. माझी कसोटी तिथेही नापास झाली असती. ती टाकून द्यावी असं मला अजून वाटत नाही, कारण बाँडी, कार, व्हाइट हाउसच्या ईमेली यांना धरायला दुसरं हत्यार माझ्याकडे नाही. आणि धाक वाटला की झाली सेन्सॉरशिप असं म्हणायला लागले तर दिरांचा मित्र, मी, ट्रम्प, किमेल, सगळे एकाच रांगेत उभे राहतात, आणि ते मला मान्य नाही. का मान्य नाही हे विचारू नका. त्यावर मी तीन पानं लिहून फाडली आहेत.

पोस्ट परत टाक, असं मुलगा म्हणतो. तो इथेच जन्मला, त्याला म्हणायला काय जातं. मी ती पुरती डिलीट केली नाही, 'ओन्ली मी' करून ठेवली आहे. अधूनमधून उघडून शुद्धलेखन सुधारते.

भाची ओहायोत रुळली. ख्रिसमसच्या सुट्टीत आमच्याकडे आली होती, तेव्हा मी तिला म्हटलं की मी आपल्या त्या रात्रीबद्दल लिहिते आहे, नाव घालत नाही, चालेल ना? ती म्हणाली, चालेल, पण तू ते फार मोठं करून सांगतेस. तिच्या मते तिनं काढलं त्यातलं निम्मं पोरकट होतं आणि कधीतरी काढलंच असतं. पंचगंगेचा फोटो? तो मैत्रिणीकडे आहे, परत टाकता येईल. कधी टाकणार, असं मी विचारलं. "बघू. आधी ओपीटी होऊ दे, मग एच-वन." म्हणजे आधी शिकून झाल्यावरची कामाची तात्पुरती परवानगी, मग नोकरीचा व्हिसा. डिसेंबर २०२५ पासून एच-वनवाल्यांनाही खाती उघडी ठेवायची अट लागली आहे, हे तिला माझ्याआधी माहीत होतं.

"आणि मावशी," ती म्हणाली, "तुझी पोस्ट माझ्यामुळे काढलीस असं लिहू नकोस हं. मी काढ म्हटलं नव्हतं. मी फक्त विचारलं होतं."